डायनामोचा नट

वालूर,
कार्तिक वद्य षष्ठी, सन १९४७

प्रिय आश्रुबा,

पत्र हातात पडलं की आधी ज्या कुणाच्या ओसरीवर बसला असशील तिथून ऊठ आणि एकटा कुठेतरी जाऊन बस. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. बर्मात त्या चिखलाच्या तळावर तुला अक्षरं शिकवताना मी किती शिव्या दिल्या होत्या ते आठव आणि स्वतः वाच. हळू वाचलंस तरी चालेल. कस्तुराबाई वाशीमला माहेरी निघाली आहे, तिच्या लुगड्यांच्या बोचक्यात हे घालून देतोय. टपालावर माझा भरवसा राहिलेला नाही. संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे जाणारी पत्रं हल्ली फोडून बघतात, आणि नाक्यावरचे बंदूकवाले येणाऱ्या-जाणाऱ्या बाप्यांचे खिसे उलटे करतात. बाईच्या बोचक्याला अजून तरी कुणी हात लावत नाही.

आधी तुझ्या घरचं सांगतो, नाहीतर तू ओळी सोडून पुढे धावशील. धुरपदाबाई बरी आहे. बरी म्हणजे जिवंत आहे, हिंडते-फिरते. त्यापलीकडे खोटं लिहिणार नाही. आमच्या रानात कापूस वेचायला येते, पण बाकीच्या बाया तिला सोडून दुसऱ्या तासाला लागतात आणि दुपारी भाकरी सोडताना ती एकटी लिंबाखाली बसते. विहिरीवर कुणीतरी घालूनपाडून बोललं, तेव्हापासून ती पाण्याला ओढ्यातल्या झिऱ्यावर जाते. मध्ये कुणीतरी तिच्या दारात बाभळीच्या काट्या आणून टाकल्या होत्या, त्या मी उचलल्या. माझ्यासमोर ती रडत नाही. फक्त एकदा पाटीतला कापूस दाबता दाबता म्हणाली, “भाऊजी, त्यांनी खरंच डॉक्टरसायबाला पाण्यात सोडून पळ काढला का? असंल तर असंल, मला खरं सांगा, मी सोसीन.” आश्रुबा, माझं डोकं असं फिरलं की मी तिच्यावरच ओरडलो. तुझ्या बायकोलाही विचारावंसं वाटावं, इथवर या लोकांनी गोष्ट आणून ठेवली आहे. मी नाही म्हणालो. पण माझ्या एकट्याच्या नाहीला गावात कुत्रं विचारत नव्हतं.

आमचे चुलते आबासाहेब काय बोलत फिरतात ते तू गाव सोडण्याआधीच ऐकलं होतंस. नंतर त्यात भरच पडली. आधी म्हणाले, ड्रायव्हरने हलगर्जी केली. मग म्हणाले, पोहता येणारा कोरड्या अंगाने बाहेर आला आणि आमचा डॉक्टर वाहून गेला, यातच समजा काय ते. पोळ्यापासून तू दारू पीत होतास, चांगली बॅटरी काढून विकलीस आणि मेलेली बसवलीस, हेही कुठून तरी निघालं. तू दारूला शिवत नाहीस आणि बॅटरी तीच होती, दोन्ही गोष्टी मला माहीत. पण पाथरीच्या पोलीस अमीनाने पंचनाम्यात उर्दूत ‘गफलत’ असं लिहिलं, तुझ्या नावाचं वॉरंट काढलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी तू गेलास. पळाला म्हणजे दोषी, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मी मात्र तू का गेलास यावर फार विचार केला. आबासाहेबांची माणसं कुऱ्हाडी घेऊन तुझ्या आळीत आली होती, हे एक कारण. मला वाटायचं, तेवढंच कारण असेल. आता तसं वाटत नाही. त्यावर पुढे लिहितो.

आमच्या घरात आता आई आणि मी. कोकिळावहिनीला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. जाताना वहिनी आईच्या गळ्यात पडली, पण आई लाकडासारखी उभी होती. आमच्या डॉक्टरला, दादाला, जाळून आल्यावर ती रडली ती पहिल्या दिवशीच. नंतर तिने एकच धोशा लावला. दादा कसा गेला, किती वेळ पाण्यात होता, काही बोलला का, यातलं काही तिने विचारलं नाही. येईल त्याला विचारायची, “गाडी काहून बंद पडली?” समाचाराला आलेल्या बाया गांगरून एकमेकींकडे बघायच्या. त्यांना गाडीतलं काय कळतंय?

जीप घरी आली तो दिवस तुला आठवत असेल. लढाई संपून सरकारने मोडीत काढलेली, हिरवा रंग उडालेली, पुढची काच तडकलेली. दादाने ती सिकंदराबादेहून आणायची म्हटली तेव्हा आबासाहेब म्हणाले होते की, डॉक्टरला घोडं शोभतं, हे डबडं कशाला. पण आपण दोघांनी तसल्याच जीपा बर्मात गुडघाभर चिखलातून काढलेल्या होत्या. काळ्या रानात पाऊस पडल्यावर बैलगाडी आसापर्यंत रुतते, तिथून ही साखळ्या बांधून गुरगुरत निघाली, तेव्हा सगळं वालूर बांधावर उभं होतं. दादा हौसेने वेडा झाला होता. वाड्या-वस्त्यांवर, जिथे कधी डॉक्टरचं तोंड कुणी बघितलं नव्हतं, तिथे तो जाऊ लागला. आणि पहिल्याच दसऱ्याला आईने तिची पूजा केली. बॉनेट उघडून आत डोकावली आणि म्हणाली, “हिचा जीव कुठं ऱ्हातो रं, बन्सी?” दादाने हसत तिचा हात धरून खाली डायनामोवर ठेवला. हा फिरला की वीज होते, वीज झाली की ही चालते, हाच हिचा जीव, असं लहान पोराला समजावतात तसं त्याने समजावलं. त्याच दिवशी आईने पुढच्या दांडीला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बांधला. दोन-चार दिवस दादाने चालवून घेतलं. मग परभणीहून कुणी ओळखीचा डॉक्टर आला, तो दात काढून हसला, आणि दादाने सगळ्यांसमोर ते तोडून उकिरड्यावर फेकलं. आईला म्हणाला की पुन्हा माझ्या गाडीला असलं काही दिसलं तर मी तुझ्या हातचं खाणार नाही. तू तिथेच चाक धूत होतास, तू खाली मान घातलीस.

त्या हिवाळ्यापासून गाडीचं दुखणं सुरू झालं. त्या दुखण्याने आपली दोघांची किती डोकेफोड झाली! जवळपासची खेप असली तर काही नाही. लांब गेलात, देवगाव फाट्याच्या पुढे किंवा पाथरीकडे, की बॅटरी भरतेय का ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा आधी थरथरायचा, मग शून्यावर जाऊन निजायचा. बॅटरीत जे असेल त्यावर गाडी घरी यायची, दिवे पिवळे पडलेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टरवर पाय दिला की नुसता टक्‌ आवाज. दादा मला हाक मारायचा, “सूर्यभान, काटा परत मेला.” मी बॅटरी चार्ज करून आणायचो, गोठ्यासमोर गाडी सुरू करायचो, आणि काटा टुणकन चार्जकडे! कुठलं दुखणं नि काय. मग मी तुला म्हणायचो की तुझेच डोळे गेलेत, आणि तू म्हणायचास की मिस्त्री, एकदा लांब चला तर खरं.

मी काय करायचं शिल्लक ठेवलं होतं, तूच सांग. पट्टा बदलला. डायनामो उघडून कार्बन बदलले, तांबं घासून चकचकीत केलं. कटआउटच्या टोकांवर बारीक कागद फिरवला. प्रत्येक तार हातात धरून हलवून बघितली, कारण असलं येतं-जातं दुखणं बहुतेक वेळा कुठल्यातरी सैल जोडात असतं, हे आपल्याला त्या लष्करी वर्कशॉपमध्ये घोकूनच घेतलेलं. सगळे जोड घट्ट. डायनामो काढून परभणीला स्टेशनजवळच्या मिस्त्रीकडे नेला, त्याने फिरवून बघितला आणि उलट मलाच विचारलं की चांगली वस्तू खोलून का आणलीस. दोनदा मी स्वतः तुमच्याबरोबर बसून देवगाव फाट्याच्याही पुढे आलो. गोठ्यासमोर बॉनेट लावायचं, बसायचं आणि निघायचं. काटा ठाम. मी बसलो की गाडी शहाण्यासारखी वागायची. दादा हसायचा, तुला राग यायचा. एकदा तर मी तुझ्यावर आळ घेतला की दिवे चालू ठेवून तूच कुठेतरी झोपतोस. तू माझ्याशी बरेच दिवस बोलला नाहीस, आणि बरोबर केलंस. डायनामोच्या तारेच्या कडीवर अधूनमधून डांबरासारखा काळा चिकट डाग मिळायचा. इंजिनाचं जळकं तेल असेल म्हणून मी तो पेट्रोलच्या चिंधीने पुसून टाकायचो. आईच्या बोटांना त्या वर्षात सारखे फोड असायचे. दादाने मलम दिलं. ती म्हणायची, “गोडंबी काढायला बिब्बे फोडते, उततो मला.” घरात डिंकाचे लाडू तर कधी झाले नाहीत, मग गोडंबी कशाला, हे आम्हा भावांच्या कधी डोक्यात आलं नाही.

भाद्रपदातल्या त्या दिवशी सकाळी मीच गाडी बघून दिली. तू माझ्या शेजारी उभा होतास. डायनामोच्या तारेचा तो कानांचा नट, जो लष्करातल्या कुणा आळशी सोल्जराने मूळ नट हरवून तिथे बसवलेला, हाताने फिरणारा, तो मी तुझ्यासमोर आवळला आणि पकडीने आणखी जरा पिळला. मग दुपारी दुधना नदीपलीकडच्या वस्तीवरून बाळंतीण अडल्याचा निरोप आला. तू गाडी दारात आणून लावलीस. पुढचं मी तुझ्याकडूनच ऐकलं, पहाटे तू नखशिखांत चिखलात येऊन गोठ्यात बसलास तेव्हा. बाई सुटली, मूल रडलं, दादा खूश होता. परत निघता निघता आभाळ इतकं भरलं की दिवस असून दिवे लावावे लागले. काटा मेलेलाच होता. दुधनेच्या उतारावर पाणी पोटरीएवढं होतं, नेहमीसारखं, म्हणून गाडी घातलीत. मधोमध इंजिन खोकलं आणि थांबलं. हँडल मारलं, पण रिकाम्या बॅटरीवर ठिणगी कुठून येणार? दादा मागून लोटायला उतरला, तू बॉनेट उघडून आत हात घातलास, आणि थोड्या वेळाने वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा लोंढा आला. तू पुढची दांडी धरून राहिलास. दादाला धरायला मागे काही नव्हतं. तू हात सोडून त्याच्यामागे गेलास, बाभळीपर्यंत गेलास, तुझ्या हातात त्याच्या कोटाची बाही आली आणि ती फाटली. एवढं तू सांगितलंस. बॉनेट उघडल्यावर काय दिसलं, असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, “काय दिसणार, मिस्त्री? अंधार.” मी ते तेव्हा तसंच सोडून दिलं.

पाणी उतरल्यावर बैलं जुंपून जीप काढली आणि गोठ्यात आणली. मला तिचं तोंड बघवत नव्हतं. पण आईचा तो एकच प्रश्न कानात घुमायचा आणि मलाही दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून एक दिवस मी बसलो आणि उघडली. गाळ काढला, तेल बदललं, तारा पुसल्या. डायनामोच्या नटाला हात लावला तर तो हलेना. पकडीने हलेना. कानाचा नट असा जीव खाऊन कुणी आवळत नाही. मी तर त्या दिवशी सकाळी नुसता पिळला होता. असं आवळणं तुझ्या जाड बोटांचं काम, आणि तेही घाईत. याचा अर्थ तो नट तुला नदीत सैल सापडला होता. मग मी सीटखालची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी, पान्यांच्या खाली, तुझ्या रुमालात गुंडाळलेला काळा दोरा होता. चाकूने कापलेला. आणि त्यात ओवलेला, फुगून फुटलेला बिब्बा.

तो दोरा मी ओळखला. आई जुन्या लुगड्याचा काठ उसवून तो काढते, आमच्या वासरांच्या गळ्यात, शेजारपाजारच्या लेकरांच्या मनगटात त्याच दोऱ्याने बिब्बा बांधते, आणि गाठ मारून टोक दाताने तोडते. मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. लांबची खेप निघाली की गाडी दारात लागायची आणि आई तुला म्हणायची, “आश्रुबा, आत जाऊन चा घे रं, चुलीवर हाय.” गाडी परत आली की ती भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन बाहेर यायची, दादावरून ओवाळायची, मग गाडीवरून ओवाळायची, आणि तोवर आपण सगळे आत पाय धुवायला गेलेलो असायचो. निघताना नवा बांधायचा, आल्यावर काढून तिठ्यावर टाकायचा, मागे वळून न बघता. मी घरामागच्या तिठ्यावर गेलो. तरवडाच्या झुडपात काळे दोरे अडकलेले होते, काही नवे, काही उन्हाने विटलेले. दादाच्या नजरेला पडू नये म्हणून ती तो पुढे न बांधता आत, खाली, डायनामोच्या मागे बांधत होती. त्यानेच दाखवून दिलेल्या जागी. नट हाताने सैल करायचा, तारेच्या कडीखाली दोऱ्याचे वेढे द्यायचे, आणि आपल्या म्हाताऱ्या बोटांनी जमेल तेवढा परत आवळायचा. मी बॉनेट उघडायचो तेव्हा तिथे काही नसायचं. मी स्वतः बसून निघालो तर तिला संधीच मिळायची नाही. वर्षभर मी जे दुखणं शोधत होतो ते प्रत्येक वेळी माझ्याआधी उठून जात होतं.

तरी माझा विश्वास बसेना. दोऱ्याने एवढं व्हावं? म्हणून बॅटरी चार्ज करून आणली, नवा बिब्बा आणला, त्याच दोऱ्याचा तुकडा घेतला आणि तिने बांधला असेल तसा बांधला. मग पडीक रानात ढेकळांवरून गाडी फिरवत राहिलो. आधी काटा चांगला उभा होता. मी आनंदलो, खरं सांगतो, लहान पोरासारखा आनंदलो, की आई सुटली. मग डायनामो तापला. बिब्ब्याला उष्णता लागली की त्याचं तेल सुटतं, धोबी कपड्यावर खूण करतो तेच काळं चिवट तेल. ते दोऱ्यात मुरलं, कडी आणि खिळ्याच्या मध्ये पसरलं. गाडीला दणका बसला की काटा उडायचा, परत यायचा, परत उडायचा. शेवटी पडला तो पडलाच. मी गाडी बंद केली आणि रानात एकटा ओरडलो. कुणावर ओरडलो सांगता येणार नाही. आईवर नाही. बहुतेक त्या सोल्जरावर, ज्याने तिथे पान्याचा नट लावायला हवा होता.

इकडे आईने जेवण सोडलं होतं. आधी मला वाटलं, दुःखाने. ताट पुढे ठेवलं की भाकरीचा तुकडा मोडायची, चुरायची आणि कोंबड्यांना टाकायची. अंगावरचं मांस गेलं, हातातलं कडं कोपरापर्यंत चढायला लागलं. मग मी रानातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर पाणी ठेवायला वाकली आणि तिचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. तीन बोटांना टरटरून फोड आले होते, तिला यायचे तसेच. तिने माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. “हे काय रं? बिब्बा उतला का तुला?” मी म्हणालो, बॅटरीचं ॲसिड उडालं. तिने हात सोडला नाही. माझ्याकडे न बघता, त्या फोडांकडे बघत, अगदी हळू म्हणाली, “सूर्यभान, तू मिस्त्री हायस. त्या नटात दोरा-बिरा घावला तर वीज अडती का रं?”

आश्रुबा, ती महिनाभर लोकांना काय विचारत होती ते मला त्या वेळी कळलं. ती उत्तर मागत नव्हती, दुसरं कुठलंतरी उत्तर मिळेल का ते शोधत होती. मी हो म्हणालो असतो तर ती ओरडली नसती, छाती पिटली नसती. संध्याकाळी घागर घेऊन विहिरीवर गेली असती आणि परत आली नसती. मी तिला ओळखतो. मी नाही म्हणालो. वीज म्हणजे काय पाणी आहे का दोऱ्याने अडायला, असं वर हसूनही म्हणालो. नुसत्या नाहीने ती सुटणार नव्हती, तिला कारण हवं होतं, धरायला काहीतरी हवं होतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं की नट मीच ढिला ठेवला होता. त्या दिवशी सकाळी गाडी बघून दिली, बोलण्याच्या नादात नट आवळायचा राहिला, दादा माझ्यामुळे गेला. तिने माझा हात असा टाकला की तांब्या कलंडला. “तू? तूच? अन्‌ इतके दिस माझ्यापुढं बसून खायलास?” मग ती रडली, मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, आणि रडता रडता मला शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. आतून मला बरं वाटत होतं, यावर तुझा विश्वास बसेल का? तिने माझं अंथरूण गोठ्यात फेकलं. तेव्हापासून मी तिथेच राहतो. ती माझं नाव घेत नाही, मी समोरून आलो तर पदर ओढून वळते.

एकदा घरात बोललो म्हटल्यावर गावात लपवण्यात अर्थ नव्हता. मी चावडीवर गेलो आणि आबासाहेबांच्या तोंडावर सांगितलं, की आश्रुबाची काही चूक नाही, नट मी ढिला ठेवला, आणि आश्रुबा दादाच्या मागे पाण्यात गेला होता. आबासाहेबांना माझ्याकडे बघवेना, कारण त्यांना मला कुऱ्हाड दाखवता येत नाही, मी त्यांच्या भावाचा मुलगा. गेल्या आठवड्यात पाथरीला जाऊन अमीनासमोर जबाब दिला. तुझं वॉरंट त्याने रद्द केलं, कागद माझ्याजवळ आहे. माझ्यावर काय चालवायचं ते वरचे साहेब ठरवतील. कदाचित आत जावं लागेल, कदाचित या सगळ्या धामधुमीत कुणाला सवडच होणार नाही. धुरपदाबाईच्या दारात परवा दोघी-तिघी बाया जाऊन बसल्या होत्या. विहिरीवर अजून ती जात नाही, पण ते तू आल्यावर होईल.

म्हणून हे पत्र. ये, पण येण्याआधी एक गोष्ट नीट समजून घे. तू नदीत हात घातलास तेव्हा अंधार नव्हता. तुला तो दोरा सापडला, कुणाचा ते तुला एका क्षणात कळलं, आणि पाणी येत असताना तू तो कापून रुमालात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलास. अमीनाने विचारलं, आबासाहेबांनी विचारलं, मी विचारलं, तू बोलला नाहीस. लोकांनी तुला खुनी म्हटलं आणि तू एका म्हातारीसाठी बायकोला, गावाला सोडून गेलास. तू तिला माय म्हणतोस, मला वाटायचं तोंडदेखलं म्हणतोस. माझ्या भावा, तुझा वाटा तू भरपूर उचललास, आता मी उचलतो. माझ्यावर फक्त एक उपकार कर. तू आलास की आई तुला बोलावून घेईल. माझ्या बोलण्यावर तिचा अजून पुरता विश्वास नाही, रात्रंदिवस ते तिला खात असणार, आणि गाडी उघडून बघितलेला माणूस तूच आहेस हे सगळ्या गावाला माहीत आहे. ती तुला विचारील, नटाला काय होतं? तुला माहीत आहे की तो मी तुझ्यासमोर आवळला होता, आणि तुला खोटं बोलता येत नाही, बर्मात सार्जंटापुढेही आलं नाही. या वेळी शिक. तिच्या डोळ्यांत बघ आणि म्हण, माय, नट ढिला होता, दुसरं तिथं काही नव्हतं. मला वाचवायला जाऊ नकोस, सूर्यभान असा नाही, असं एक अक्षर बोलू नकोस. काल गोठ्यातून मला तिच्या भाकरी थापण्याचा आवाज आला. माझ्यावर दात खाऊन का होईना, आई आता दोन्ही वेळा जेवते.

तुझाच,
सूर्यभान